तेलाच्या गाडीवर जायचंय म्हणतेस ना

हेलिकॉप्टरला तेल देणाऱ्या गाडीवर जायचं तुझ्या मनात आलंय आणि ते तू घरात अजून कुणाला सांगितलेलं नाहीस, हे फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं मला. आधी मला विचारलंस ते बरं केलंस. काका एकदम नाही म्हणतील, काकूंच्या डोळ्यांत पाणी येईल आणि आजी म्हणेल, आधी हिचे हात पिवळे करा. त्यांच्याशी काय बोलायचं ते शेवटी बघू. आधी आपण दोघी बोलू.

तू व्हिडिओत बघितलंस ते खोटं नाही. अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात वणव्याचा मोसम सुरू झाला की आग विझवणारी हेलिकॉप्टरं कंत्राटावर घेतात आणि अशा हेलिकॉप्टरच्या मागे त्याची स्वतःची तेलाची गाडी असते. हेलिकॉप्टर उडत दुसऱ्या खोऱ्यात गेलं की गाडी रस्त्याने तिथे पोचते. कुठल्या तरी माळावर, शाळेच्या मैदानावर, धावपट्टीच्या कडेला उभी राहते. हेलिकॉप्टर उतरतं, तेल घेतं, परत आगीवर जातं. ड्रायव्हरचा सगळा उन्हाळा असाच जातो, घरापासून लांब. बायकाही हे काम करतात. तुला त्या पिवळ्या हेल्मेटमधल्या बाईला बघून भरून आलं, हे मी समजू शकते.

पण आपल्याकडचं चित्र वेगळं आहे, ते आधी नीट कळू दे. आपल्या देशात वणव्यावर हेलिकॉप्टर आलं तर ते बहुतेक वेळा हवाई दलाचं नाहीतर नौदलाचं असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात उत्तराखंडचे डोंगर पेटले तेव्हा हवाई दलाची एमआय-१७ भीमतालच्या तळ्यातून पाणी उचलत होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये नैनितालच्या आगीला परत तेच तळं कामी आलं. २०२२ च्या मार्चमध्ये अलवरजवळ सरिस्का व्याघ्र प्रकल्पात आग लागली, तेव्हा सिलीसेढ तलावातून पाणी नेलं. आणि आपल्या जवळची गोष्ट सांगायची तर गोव्याची. २०२३ च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यात साट्रे गावाच्या बाजूने आग सुरू झाली आणि मग एकामागून एक डोंगर धुमसत राहिले. शिमगा तोंडावर, वर ऊन, खाली वाळलेला पाला. खाली वनखात्याची आणि गावातली माणसं झोडपून आग विझवत होती, वरून हवाई दल आणि नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती. दाबोळीला नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ आहे, सत्तरीपासून तो फार लांब नाही, म्हणून तिथे निदान परत येऊन तेल घ्यायला जागा होती. जिथे असा तळ जवळ नसतो तिथे तेलाची गाडीच आगीच्या दिशेने न्यावी लागते. तुला हवं असलेलं काम ते. पण ती गाडी चालवणारा आपल्याकडे गणवेशातला असतो. ‘वणव्याच्या हेलिकॉप्टरला तेल देणारी चालक’ अशी जाहिरात तुला जालन्याच्या पेपरात कधी सापडणार नाही.

वनखात्याचं म्हणशील, तर मेळघाटात, गडचिरोलीत फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत आगीचा मोसम धरतात. आधीच जाळरेषा काढतात, म्हणजे पट्टाच्या पट्टा साफ करून ठेवतात, की आग त्या पलीकडे जाऊ नये. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, त्यातूनही वणवा सुटतो. उपग्रहाला आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षणाकडून वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश येतो आणि हंगामी अग्निरक्षक पाठीवर ब्लोअर घेऊन नाहीतर हातात ओली डहाळी घेऊन पळतात. त्यांच्यासाठी हेलिकॉप्टर येत नाही. आणि एक लक्षात ठेव, नुसत्या हेलिकॉप्टरने वणवा विझतही नाही. वरचं पाणी आगीचा जोर मोडतं, मग खालच्या माणसाला जवळ जाता येतं. विझवतो तो खालचाच.

आपल्या जालना जिल्ह्यात तर जंगलच किती! भोकरदन, जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगराची कड, थोडं गवताळ रान, बाकी सगळी शेती. इथला वणवा म्हणजे गायरान पेटलं, बांध पेटवताना आग शेजारच्या उसात गेली, घनसावंगीकडे पाचट जाळताना ठिबकच्या नळ्या वितळल्या. म्हणून म्हणते, इथे बसून आगीच्या हेलिकॉप्टरची वाट बघू नकोस. पण त्या कामाला जे हात लागतात, जी नजर लागते, ती तुला जालन्यापासून फार लांब न जाता शिकता येते. ते कसं, तेच सांगायचंय मला.

आधी हेलिकॉप्टरचं गणित समजून घे, म्हणजे तेलाच्या गाडीला एवढं महत्त्व का, ते कळेल. एमआय-१७ च्या पोटाखाली दोरावर लटकते ती बादली, तिला बांबी बकेट म्हणतात. कॅनडातल्या डॉन आर्नी नावाच्या माणसाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तयार केली. कापडासारखी घडी होते, तळ्यात बुडवली की भरते, वैमानिकाने कळ दाबली की खालून उघडते. एमआय-१७ ला साधारण साडेतीन हजार लिटरची लावतात. म्हणजे नुसतं पाणीच साडेतीन टन. वर उन्हाळ्याची तापलेली पातळ हवा, त्यात पंख्यांना उचल कमी मिळते. आता वजन कुठे वाचवायचं? तेलात. टाकी गच्च भरली तर बादली अर्धी न्यावी लागेल. म्हणून आगीवर काम करणारी हेलिकॉप्टरं मुद्दाम थोडंच तेल घेऊन उडतात आणि परत परत तेलाला येतात. तुझी गाडी जेवढी जवळ, तेवढ्या पाण्याच्या फेऱ्या जास्त. गाडी चाळीस किलोमीटर लांब उभी राहिली तर हेलिकॉप्टरचा अर्धा वेळ नुसता जाण्यायेण्यात जातो आणि इकडे डोंगराची आणखी एक सोंड पेटते.

आणि हे बघ, थोडं तेल घेऊन, पोटाखाली साडेतीन टन लटकवून, धुरातून, झाडांच्या शेंड्यांवरून ते जातं. तिथे इंजिनाने आचका दिला तर उतरायला जागा नाही. इंजिनाला आचका कशाने बसतो? तेलात पाणी असलं तर बसतो. टाकीत रात्रीतून दव धरतं, झाकणाच्या रबरातून पावसाचं पाणी झिरपतं, पाइपात मागचं राहिलेलं असतं. ते पाणी डोळ्याला दिसत नाही, तेलात विरघळल्यासारखं राहतं, थंडावा मिळाला की खाली बसतं.

म्हणून मी ज्या तेलाच्या गाडीवर काम करते तिथे आमचा दिवस गाडी चालू करण्याने सुरू होत नाही, टाकीच्या तळाची तोटी उघडण्याने सुरू होतो. गाडी रात्रभर हलवायची नाही, म्हणजे जड ते तळाला बसतं. सकाळी तळाचं तेल काचेच्या बरणीत घ्यायचं. उजेडासमोर धरायचं. बरणी गोल फिरवायची, की मधे भोवरा होतो. पाणी असलं तर त्या भोवऱ्याच्या टोकाशी, अगदी तळाला, मोत्यासारखा एखादा थेंब पळताना दिसतो. कचरा असला तर तोही तिथेच गोळा होतो. तेल नितळ आणि चकचकीत पाहिजे, जरासुद्धा धुकट नको. त्यावरही विश्वास ठेवायचा नाही. सिरिंजच्या तोंडाला पिवळ्या कागदाची छोटी कॅप्सूल लावायची आणि तिच्यातून तेल ओढायचं. कागद पिवळाच राहिला तर बरं. हिरवट झाला तर पाणी आहे. मग तळाचं आणखी काढायचं, परत बघायचं. मग तेलाची घनता मोजायची, कागदावर लिहायची, सही करायची. हे रोज. गाडी नव्याने भरली की परत. जोराचा पाऊस झाला की परत. माझ्याबरोबरची काही मुलं पहिल्या महिन्यातच याला कंटाळली. तुझ्यात ती चिकाटी आहे का, हे मला नाही, तुलाच माहीत.

निवडणुकीच्या दिवसांत आम्हाला एकदा एका हेलिपॅडवर पाठवलं होतं. सभा लांबलेली, दिवस मावळतीला आलेला, अंधार व्हायच्या आत हेलिकॉप्टर उडायला पाहिजे. मी बरणी धरली तर तेल धुकट. माझ्या भोवती चार माणसं ओरडायला लागली, साहेबांचा वेळ जातोय, कालपर्यंत चाललं तेच तेल आहे. मी नळी गुंडाळून ठेवली आणि म्हटलं, देणार नाही. आवाज कापत होता माझा. तेवढ्यात वैमानिक स्वतः खाली उतरला, बरणी माझ्या हातातून घेतली, आभाळाकडे धरली आणि त्या माणसांना म्हणाला, थांबा. आम्ही तळाचं तेल काढत गेलो. दुसरी बरणी तशीच, तिसरी नितळ आली, कागद पिवळा राहिला. मग दिलं. उडायला उशीर झाला, त्यावरून मला बोलणंही बसलं. पण त्या दिवसापासून मला या कामाचं मर्म कळलं, आणि तुला सांगायची मुख्य गोष्ट तीच आहे. स्टिअरिंग कुणीही शिकतं. ‘तेल देणार नाही’ हे शब्द मोठ्या माणसासमोर, घाईच्या वेळी, एकटीने उभं राहून तोंडातून काढता येतात का, यावर तू या गाडीवर बसण्याच्या लायकीची आहेस की नाही ते ठरतं. आणि वणव्याच्या ठिकाणी तर ती घाई दसपट. समोर डोंगर जळतोय, खाली वस्ती आहे, सगळे म्हणतात लवकर, लवकर. तिथे तू दोन मिनिटं बरणीत बघत उभी राहशील का?

तू विचारलंस, पेट्रोलपेक्षा हे तेल बरं ना, पेट घेत नाही म्हणे पटकन? हे तुला कुणी सांगितलं असेल त्याने थंड देशातलं वाचलेलं सांगितलंय. विमानाचं तेल म्हणजे एटीएफ, जातीने रॉकेलचंच भावंड. ज्या उष्णतेला त्याच्यावर पेट घेण्याइतकी वाफ जमते तो आकडा कमीत कमी ३८ अंश असावा असं ठरलेलं आहे. पेट्रोलचा आकडा शून्याच्याही खूप खाली असतो, म्हणून लोक याला गरीब समजतात. पण बाई, आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा चाळिशीच्या पुढे असतो. उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लागत नाही. त्या पत्र्याखालचं तेल ३८ ओलांडून जायला कितीसा वेळ? थंडीत गरीब असलेलं तेल मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पेट्रोलसारखंच वागवायचं. आणि वणवे नेमके त्याच दिवसांत लागतात.

त्याला पेटवायला काडी लागत नाही. तेल नळीतून जोरात वाहिलं की घर्षणाने वीज साठते, स्वेटर काढताना हिवाळ्यात चटचट आवाज येतो तीच. म्हणून आधी गाडी आणि हेलिकॉप्टर तारेने जोडायचं, म्हणजे दोघांतली वीज सारखी होते. तार सगळ्यात आधी लावायची, सगळ्यात शेवटी काढायची. हा क्रम उलटा करणारा माणूस गाडीजवळ नको. कपडे सुती, अंगावर नायलॉन नाही, ओढणी नाही, मोबाइल केबिनमध्ये बंद करून ठेवलेला. हातात एक दांडा असतो, तो दाबून धरलास तोवरच तेल जातं, सोडला की थांबतं. तुला चक्कर आली, तू पडलीस, तरी तेल वाहत राहू नये म्हणून ती सोय. हाताला रग लागते म्हणून तो दांडा दोरीने बांधून ठेवणारे मी पाहिलेत. तसं करणाऱ्याबरोबर ड्यूटी लावून घेऊ नकोस, साहेबाला तोंडावर सांग.

हेलिकॉप्टरजवळ कसं जायचं तेही एक शास्त्र आहे. गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला, की वेळ आली तर सरळ निघता यावं. खाली खुणा करणारा माणूस असल्याशिवाय हेलिकॉप्टरकडे मागे गाडी घ्यायची नाही. चाकांना ठोकळे. स्वतः चालत जाताना वैमानिकाला दिसशील अशा बाजूने, त्याने मान हलवल्यावरच. शेपटीकडे कधीच नाही, तिथला छोटा पंखा फिरताना दिसतसुद्धा नाही. उतारावर उतरलं असेल तर चढाच्या बाजूने जायचं नाही, तिकडे मोठा पंखा जमिनीच्या जवळ असतो. आणि पंखा थांबत आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, वेग उतरला की पाती खाली झुकतात. बाहेरच्या देशात आगीच्या ठिकाणी वेळ वाचवायला पंखा फिरताच ठेवून तेल देतात, पण ते शिकलेल्या टोळीचं काम, वैमानिक आत बसलेला, प्रत्येकाची जागा ठरलेली. नवख्याने त्याचा विचारही करायचा नाही.

आता वाट सांगते. तू गेल्या दुष्काळात, २०२४ च्या उन्हाळ्यात, मोसंबी जगवायला ट्रॅक्टरमागे पाण्याचा टँकर घेऊन अंबडच्या रस्त्याने फेऱ्या केल्यास ना? ते शिकणं वाया गेलेलं नाही. भरलेला टँकर सरळ वागतो, अर्धा भरलेला दगा देतो, हे तुला अंगाने कळलंय. ब्रेक मारला की पाणी मागून येऊन ढकलतं, वळणावर एका बाजूला जातं. तेलाच्या टँकरमध्ये कप्पे असतात, आत आडव्या पट्ट्या असतात, तरी तो धक्का पूर्ण जात नाही. वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात ब्रेकला पाय नको. हे तुला कुणी नव्याने सांगायला नको.

लायसन्सचं असं आहे. मालवाहू गाडीसाठी वीस वर्षं पूर्ण पाहिजेत, ती तुझी झालीत. हलक्या वाहनाचं लायसन्स किमान वर्षभर जुनं पाहिजे, तेही आहे. आता जालन्याच्या आरटीओत, आपल्या एमएच-२१ मध्ये, जड वाहनाच्या शिकाऊ लायसन्सचा अर्ज कर. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमधूनच शीक, त्यांचं प्रमाणपत्र लागतं. ते झालं की धोकादायक माल वाहून नेण्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि लायसन्सवर तशी नोंद करून घ्यायची. त्या नोंदीचं लायसन्स तीन वर्षांचं असतं, नूतनीकरणाआधी परत उजळणी. त्यासाठी एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. हे वाचून घाबरू नकोस, वाचता येणं का लागतं ते सांगते. टँकरच्या मागे जी पाटी असते ना, तिच्यावर आकडे असतात. पेट्रोलला १२०३, डिझेलला १२०२, एटीएफला १८६३. टँकर उलटला तर अग्निशमनवाला लांबून तो आकडा वाचून ठरवतो काय करायचं ते. चुकीची पाटी लावून निघालीस तर तो माणूस चुकीच्या तयारीने जवळ येईल. टँकरच्या परवान्याचे, टाकीच्या तपासणीचे नियम ज्यांच्या हातात आहेत त्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

पहिली दोन-तीन वर्षं पानेवाडी धर. मुंबईहून मनमाडला जमिनीखालून तेलाची पाइपलाइन येते आणि पानेवाडीच्या डेपोंतून मराठवाडा, खानदेश, विदर्भापर्यंत टँकर जातात. १ जानेवारी २०२४ ला तिथल्या टँकरवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा दोन दिवसांत जालन्यात पंपांवर रांगा लागल्या होत्या, आठवतं? तिथे माल कसा भरतात, सील कसं तपासतात, टाकीतली पातळी मोजायला डिप कसा घेतात, पंपावर कोणत्या कप्प्यातून आधी उतरवतात, हे सगळं शिक. येवला, वैजापूरमार्गे यायचं, रात्रीचा समृद्धी महामार्ग सरळसोट आहे, म्हणून तिथे झोप जास्त धोक्याची. डोळा जड झाला की गाडी बाजूला घे, मालकाचा फोन आला तरी घे.

आणि पानेवाडीचं नाव काढलं की एक नाव मला घ्यावंच लागतं. यशवंत सोनवणे. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी होते. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ तेलाची भेसळ त्यांच्या नजरेला पडली, त्यांनी गाडी थांबवून जाब विचारला, आणि तिथेच त्यांना जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. मी त्या रस्त्याने जाताना आजही हात आपोआप जोडले जातात. आता सील, जीपीएस, कुलपं सगळं आलंय, तरी ढाब्यावर कुणीतरी विचारतंच, ताई, दोन कॅन द्या ना, कोण मोजतंय. तू पहिल्यांदा ‘नाही’ तिथे म्हणायला शिकशील. डिझेलमध्ये भेसळ झाली तर ट्रक बंद पडतो, रस्त्याच्या कडेला उभा राहतो. हेलिकॉप्टरला कड नसते.

मग विमानतळ. आपल्याला सगळ्यात जवळचा म्हणजे जालना रोडवरचा चिकलठाण्याचा, जालन्याहून तासाभराची वाट. मोठ्या शहरांच्या विमानतळांवर तेल कंपन्यांचे आणि त्यांच्या कंत्राटदारांचे एटीएफचे विभाग असतात, तिथे रिफ्युएलरवर, म्हणजे विमानाला तेल देणाऱ्या गाडीवर, माणसं घेतात. आधी हेल्पर म्हणून नळी ओढायलाच लावतील, ती ओढ. नळी ताकदीने कमी आणि कमरेच्या ठेवणीने जास्त ओढली जाते, ते येतं. हवाई दलाच्या गाडीवरच बसायचं असेल तर तिथे नागरी मोटार ट्रान्सपोर्ट चालकांच्या जागा निघतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. परदेशाचं मनात असेल तर या अनुभवानंतर बघ. तिकडे टँकरची आणि धोकादायक मालाची वेगळी परीक्षा, पोलिसी तपासणी, सगळं असतं. कुणी एजंट आत्ता पैसे घेऊन थेट हेलिकॉप्टरच्या गाडीवर बसवतो म्हणाला तर त्याला एक रुपया देऊ नकोस. लायसन्स नाही, अनुभव नाही, आणि नोकरी तयार? असं नसतं.

बाई म्हणून काय, ते तू विचारलं नाहीस, पण विचारायचं होतं, मला कळलं. नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी नवरा गेल्यावर भोपाळहून स्वतः ट्रक घेऊन निघाल्या, त्यांच्याकडे वकिलीची पदवी आहे. केरळच्या त्रिशूर जिल्ह्यातली डेलिशा डेव्हिस एम.कॉम. करता करता कोचीहून मलप्पुरमला पेट्रोलचा टँकर नेत होती, २०२१ मध्ये सगळ्या देशाने तिचं नाव ऐकलं. वडील टँकरचालक, त्यांच्या शेजारी बसून शिकली. २०२३ पासून आपल्या एसटीतही चालक म्हणून मुली बसल्यात. तेव्हा तू काही जगावेगळं मागत नाहीस. पण अडचणी खऱ्या आहेत. डेपोच्या रांगेत चार-चार तास, आणि बायकांसाठी संडास कुठे आहे ते विचारावं लागतं. मुली पाणी प्यायचंच टाळतात आणि उन्हाळ्यात मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होऊन आजारी पडतात. तू पाणी पी. कुठल्या पंपावर, कुठल्या टोलनाक्यावर स्वच्छ सोय आहे ते पहिल्याच महिन्यात मनात नकाशासारखं बसव. पाळीच्या दिवसांचं सामान केबिनमध्ये कायम. एकटीने गाडीत झोपायची वेळ आली तर उजेडाच्या पंपावर, दार आतून लावून, आणि आईला ठिकाण कळवून. कुणी घाणेरडं बोललं तर हसून सोडू नकोस, तिथल्या तिथे मोठ्याने विचार. लोक दुसऱ्यांदा धजत नाहीत.

राहिला काकांचा प्रश्न. त्यांना हेलिकॉप्टरचा व्हिडिओ दाखवू नकोस. त्यांना फक्त जड वाहनाचं लायसन्स काढते म्हणून सांग. पाण्याच्या टँकरवर बाहेरचा ड्रायव्हर ठेवायला पैसे जातात, ते त्यांना रोज बोचतं, म्हणून याला ते नाही म्हणणार नाहीत. पुढच्या रविवारी मी येते, तेव्हा पुढचं मी बोलेन. आजीला मी सांभाळते, तिला मी टँकर चालवते हे आधी खपलं नव्हतं, आता ती शेजारणींना माझा फोटो दाखवते. तू तेवढ्यात आधार कार्ड, लायसन्स आणि फोटो एका जागी ठेव, आरटीओची ऑनलाइन वेळ सोमवारची मिळते का बघ, आणि येताना मी माझी काचेची बरणी घेऊन येईन. घरातलं डिझेल तिच्यात घेऊन बघू, तुला त्यात काय दिसतं ते.